आकाशातली नोकरी, जमिनीवरचे कर्ज

बी. कॉम. भाग २

विमान म्हटले की मान वर करायची आपल्याला सवय आहे. सांबऱ्याच्या बाजूने घरघर ऐकू आली की आमच्या गल्लीतली पोरे अजूनही अंगणात धावतात. विमान चालवणाऱ्या माणसाकडेही आपण असेच मान वर करून बघतो. पांढराशुभ्र गणवेश, खांद्यावर सोनेरी पट्ट्या आणि लाखांत मोजायचा पगार! या माणसाची नोकरी आपल्या गल्लीतल्या रोजंदारीवाल्याइतकी कच्ची असू शकेल, असे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. माझ्याही आले नव्हते. ते मला देवासला गेल्यावर समजले, म्हणून हा लेखनप्रपंच.

देवास हे माझे आजोळ. मध्य प्रदेशात इंदूरच्या जवळ, पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन पातींचे हे गाव. शेजारी धारेलाही पवारांचीच गादी होती. त्या राजवटीबरोबर माळव्यात गेलेली मराठी घरे अजून तिथे आहेत, त्यांतलेच एक माझ्या आईचे. आपल्या भागाचा देवासशी आणखी एक धागा आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकली, म्हणजेच पंडित कुमार गंधर्व, क्षयाच्या आजारात हवापालटासाठी १९४८ च्या जानेवारीत देवासला गेले आणि कायमचे तिथलेच झाले. आमच्या घरातही अशीच सरमिसळ आहे. वडील कानडी, आई देवासची मराठी आणि माझी शाळा मराठी माध्यमाची. त्यामुळे या वार्षिकाच्या दोन्ही विभागांवर माझा सारखाच हक्क आहे असे मी समजते. हा लेख मराठी विभागाला दिला, इतकेच.

माझा मामेभाऊ लहानपणापासून विमानवेडा. मी त्याला दादा म्हणते. देवासच्या टेकडीवर चामुंडा आणि तुळजाभवानीची देवळे आहेत. आम्ही सगळे तिथे देवीचे दर्शन घ्यायला जायचो आणि हा आकाशाचे! इंदूरकडे उतरणारे विमान लांबवर दिसले की म्हणायचा, "ते बघ, पंख्यांचे, म्हणजे एटीआर. आणि ते मागचे एअरबस." आम्हाला दोन्ही ठिपकेच दिसत.

मामा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्तीला आले. मुलाचा हट्ट त्यांनी पुरवला. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी सरकारी नियमाप्रमाणे किमान २०० तास उड्डाण करावे लागते, आणि त्यातला प्रत्येक तास पैशाने मोजावा लागतो. शाळेची फी, राहणे, परीक्षा, वैद्यकीय तपासण्या असा सगळा खर्च पन्नास लाखांच्या घरात गेला. वडिलोपार्जित जागेचा एक तुकडा विकला, राहते घर बँकेकडे गहाण पडले. २०२० च्या आरंभी दादाच्या हातात परवाना आला आणि पाठोपाठ एका विमानकंपनीचे बोलावण्याचे पत्रही. मामांनी देवास ते बेळगाव सगळ्यांना फोन केले. माझे वडील पतसंस्थेत नोकरीला. त्यांनी अभिनंदन करण्याआधी एकच प्रश्न विचारला, "केलसा खायम ऐतेनु?" नोकरी कायम आहे का? मामांना कानडी येत नाही, पण 'खायम' त्यांना बरोबर समजले. ते हसून म्हणाले, "अहो, पायलट आहे तो! त्याची नोकरी कोण घालवणार?"

मार्च महिन्यात टाळेबंदी लागली. २५ मार्चपासून २५ मेपर्यंत देशातल्या प्रवासी विमानसेवा बंद राहिल्या. कंपनीचे दुसरे पत्र आले की रुजू होण्याची तारीख पुढील सूचनेपर्यंत पुढे ढकलण्यात येत आहे. ती सूचना यायला अडीच वर्षे लागली. बँकेचा हप्ता मात्र पुढील सूचनेची वाट बघत नव्हता.

२०२१ च्या दिवाळीत आम्ही पुणेमार्गे रेल्वेने देवासला गेलो. दादा एका नातेवाईकांच्या लोखंडी सामानाच्या दुकानात हिशेब लिहीत बसला होता. कपाटात इस्त्री केलेले चार पांढरे सदरे तसेच टांगलेले. परवाना जिवंत राहावा म्हणून दरवर्षी वैद्यकीय तपासणी आणि उड्डाणाची चाचणी द्यावी लागते आणि तिचेही पैसे भरावे लागतात. म्हणजे मिळकत शून्य आणि खर्च चालूच. देवासला १९७० च्या दशकापासून सरकारी नोटांचा छापखाना आहे. दादा मला म्हणाला, "नोटा छापणाऱ्या गावात राहतो आणि हप्त्यापुरत्या नोटा नाहीत. लिही तुमच्या कॉलेजच्या अंकात!" तेव्हा मी कॉलेजात नव्हते. आज आहे, म्हणून लिहिते.

त्या दिवाळीत मामांनी एक गोष्ट सांगितली, ती मला पुढे अर्थशास्त्राच्या तासालाही आठवत राहिली. ते म्हणाले, "माझ्या तरुणपणी इथे एक कारखाना बंद पडला की आम्ही पाना उचलून दुसऱ्या कारखान्यात जायचो. नट सगळीकडे सारखाच. याचं तसं नाही. याचा पाना एकाच कंपनीच्या नटाला बसतो."

मामांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. वैमानिकाच्या परवान्यावर विमानाच्या जातीची नोंद असते. बोइंग ७३७ चालवणारा माणूस उद्या एअरबस ३२० मध्ये बसू शकत नाही. त्यासाठी नवा अभ्यासक्रम, सिम्युलेटरवरचे प्रशिक्षण आणि परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. या एका जातीच्या नोंदीचा खर्चच पंधरा-वीस लाखांपर्यंत जातो. म्हणजे मोटार चालवायला शिकलेल्या ड्रायव्हरला मालकाने गाडी बदलली की पुन्हा लाखो रुपये भरून शिकावे लागावे, तसला हा प्रकार. गाडी कोणती घ्यायची हे ठरवतो मालक आणि त्या निर्णयाचे ओझे पडते ड्रायव्हरवर.

वाणिज्य शाखेच्या मित्रांनी येथे जरा लक्ष द्यावे. आपल्या देशातल्या विमानकंपन्यांची बहुतेक विमाने स्वतःच्या मालकीची नसतात, भाड्याची असतात. काही कंपन्या कारखान्याकडून घाऊक भावात विमाने घेतात, लगेच भाडे-कंपनीला विकतात आणि तीच विमाने भाड्याने चालवतात. शेतकऱ्याने बैलजोडी विकून त्याच बैलांनी भाडे भरून नांगरट करावी, तशी ही रीत. हातात रोकड येते आणि नवी विमाने आणता येतात. पण भाडे डॉलरमध्ये असते. विमान उडो अथवा न उडो, ते द्यावेच लागते. त्यावर इंधन, जे एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त खाते. चांगल्या दिवसांत हे गणित जमते. मंदी आली, रुपया घसरला, तेल भडकले की पहिला विचार येतो तो विमाने परत करण्याचा. विमान परत गेले की त्यामागची माणसेही 'जादा' ठरतात.

एका विमानामागे एकच कॅप्टन आणि एकच सहवैमानिक असतो असे वाटते, ते खरे नाही. विमान दिवसाचे बारा-चौदा तास उडते. माणूस तितका उडू शकत नाही. म्हणून एकेका विमानामागे वैमानिकांच्या अनेक जोड्या ठेवाव्या लागतात. दहा विमाने परत गेली तर किती घरांच्या चुलीवर पाणी पडते, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

ही नुसती कल्पना नव्हे. गेल्या वीस वर्षांत आपण हे चारदा पाहिले.

पहिल्यांदा २००८ साली. जुलैमध्ये कच्चे तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढले, सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन बँक बुडाली. ऑक्टोबरमध्ये जेट एअरवेजने १९०० माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत बहुतेक केबिनमधले तरुण सेवक होते. गणवेशातली मुले-मुली मुंबईच्या रस्त्यावर आली, मोठा गदारोळ झाला आणि एका रात्रीत कंपनीने त्यांना परत घेतले. त्याच सुमारास कंपनीने आपली मोठी बोइंग ७७७ विमाने परदेशी कंपन्यांना भाड्याने दिली. माणसे ओरडली म्हणून परत आली, पण तोट्याचे मूळ तसेच राहिले.

दुसऱ्यांदा २०१२ साली. किंगफिशरने थाटामाटात पसारा वाढवला होता. आपल्या कर्नाटकातल्या कॅप्टन गोपीनाथांनी २००३ साली सुरू केलेली, सामान्य माणसाला विमानात बसवणारी एअर डेक्कनही तिने गिळली होती. एअरबस आणि एटीआर अशी निरनिराळ्या जातींची विमाने एकाच छपराखाली आली. २०१२ च्या ऑक्टोबरात तिचा परवाना निलंबित झाला, तेव्हा कर्मचाऱ्यांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते. भाडे-कंपन्यांनी विमाने नेली. पगार कोण आणून देणार?

तिसऱ्यांदा पुन्हा जेट. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेले विमान हे तिचे शेवटचे उड्डाण. एके काळी शंभराहून अधिक विमाने असलेल्या आणि इंदूरलाही नित्य येणाऱ्या या कंपनीतली वीस हजारांच्या आसपास माणसे रस्त्यावर आली. वैमानिकांना त्या वर्षाच्या सुरुवातीपासून पगार नव्हता आणि तरीही ते विमान चालवत होते. कंपनी पुन्हा उभी राहील या आशेवर लोक पाच वर्षे थांबले. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती विसर्जित करण्याचा आदेश दिला.

चौथ्यांदा, २०२३ साली, गो फर्स्ट. तिच्या ५४ विमानांपैकी निम्मी विमाने इंजिने मिळत नाहीत म्हणून उभी होती. मे महिन्यात तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि उड्डाणे थांबली. इथे तर बाजारात मंदीही नव्हती! एका जातीच्या विमानाच्या एका प्रकारच्या इंजिनाने सगळ्या कंपनीचे भवितव्य ठरवले.

आता यातला खरा मुद्दा पाहा. गो फर्स्टच्या दिवाळखोरीत विमानांच्या मालकांना आपली विमाने वर्षभर परत मिळाली नाहीत. त्यांनी न्यायालयात दाद मागितली. एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. एवढ्यावर न थांबता, असे पुन्हा होऊ नये म्हणून २०२५ च्या एप्रिलमध्ये संसदेने विमानांवरील मालकांच्या हक्कांच्या संरक्षणाचा एक स्वतंत्र कायदाच केला. याबद्दल माझी तक्रार नाही. मालकाला आपली वस्तू परत मिळण्याची खात्री नसेल तर तो भाडे वाढवील आणि शेवटी तिकीट महागेल, हे वाणिज्याच्या विद्यार्थिनीला समजते. पण मग प्रश्न असा की, त्या विमानात बसून ते चालवणाऱ्या माणसाच्या हक्काच्या संरक्षणाचा कायदा कुठे आहे?

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेत देणी फेडण्याची एक रांग ठरलेली आहे. 'कामगार' ठरला तर त्याची २४ महिन्यांची देणी तारण असलेल्या सावकारांच्या बरोबरीने उभी राहतात. 'कामगार' नाही, नुसता 'कर्मचारी' ठरला तर १२ महिन्यांची, आणि तीही त्यांच्या मागे. वैमानिक कामगार की अधिकारी, हा वाद न्यायालयांत पुनःपुन्हा गेला आहे. रांगेत कुठेही उभे केले तरी तिजोरीत काही शिल्लक असेल तरच हाती लागणार. विमान मात्र या रांगेतच नाही. ते सरळ दार उघडून बाहेर जाते.

दुसरी बाजूही बघा. २०१७ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने असा नियम केला की, कॅप्टनला नोकरी सोडायची तर एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागेल. कारण असे दिले जाते की, तयार वैमानिक घडवायला वेळ लागतो, तो अचानक गेला तर प्रवाशांचे हाल होतील. कारण पटण्यासारखे आहे. पण जो माणूस घडवायला इतका वेळ लागतो, त्याला घरी बसवताना तितकाच विचार नको का? जाणाऱ्याला बारा महिन्यांची दोरी बांधायची आणि कंपनी बंद पडली की त्याला बारा तासांचीही सूचना मिळू नये, हा न्याय झाला का?

२०२० साली एअर इंडिया सरकारी असतानाही याची चुणूक दिसली. काही वैमानिकांनी आधी राजीनामे दिले होते आणि पूर्वसूचनेच्या मुदतीतच ते मागे घेतले होते. ऑगस्ट २०२० मध्ये, काम नाही या सबबीवर, तेच राजीनामे स्वीकारून चाळीसहून अधिक जणांना एका फटक्यात कमी करण्यात आले. ते न्यायालयात गेले. १ जून २०२१ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना मागील पगारासह परत घेण्याचा आदेश दिला. दाद मागितली तर न्याय मिळतो, हे खरे. पण दाद मागायलाही घरात दहा महिने चूल पेटती ठेवावी लागते.

येथे काही वाचक म्हणतील, "लाखांनी पगार घेणाऱ्यांची कसली काळजी? विमानतळावर सामान उचलणाऱ्या हमालाची काळजी करा." आमच्या घरी हा प्रश्न वडिलांनीच विचारला होता. त्यावर माझे उत्तर दोन भागांत आहे. पहिले असे की, हमालाची काळजी आधी केली पाहिजे, यात वादच नाही. जेट बंद पडली तेव्हा सर्वांत आधी तोच उपाशी राहिला असणार. पण कॅप्टनचा थकलेला पगार मिळण्याची सोय जिथे नाही, तिथे हमालाची ती असेल कशी? वरच्या पायरीवरचा माणूसच जर असा लोंबकळत असेल, तर शिडीच मोडकी आहे असे समजावे. दुसरे असे की, सगळे वैमानिक श्रीमंताघरचे असतात, हा समज आता जुना झाला. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया येथे उड्डाणशाळा उभ्या राहिल्या. २०२१ साली आपल्या बेळगावच्या विमानतळावरही अशा शाळांना जागा देण्यात आल्या. तिथे शिकणारी कितीतरी मुले आपल्यासारख्याच घरांतून येतात आणि जमीन किंवा घर गहाण टाकून येतात. हा प्रश्न इंदूर-देवासचा म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. तो सांबऱ्यापर्यंत येऊन पोचला आहे.

मग पूर्वी विमाने बदलत नव्हती काय? बदलत होतीच. १९५३ साली आठ खाजगी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि इंडियन एअरलाईन्स उभी राहिली. तिने डाकोटापासून सुरुवात करून व्हायकाऊंट, फोकर, कॅराव्हेल, बोइंग ७३७ आणि पुढे १९८९ साली एअरबस ३२० अशी किती विमाने बदलली! कॅप्टन सौदामिनी देशमुख यांचे नाव मराठी वाचकांना ठाऊक असेल. १९८५ साली सर्व-महिला कर्मचाऱ्यांचे फोकर विमान त्यांनी नेले आणि त्याच सेवेत पुढे बोइंग व एअरबसचीही सूत्रे हाती घेतली. विमान बदलले, माणूस तोच राहिला. हैदराबादला कंपनीचे स्वतःचे प्रशिक्षण केंद्र होते. जुने सगळे सोनेच होते असे मी म्हणत नाही. सरकारी कंपनीचा तोटा शेवटी करदात्याच्याच माथी बसला, आणि नव्या विमानांत फ्लाइट इंजिनियरची खुर्चीच राहिली नाही, हेही खरे. पण ताफा बदलायचा तर माणूस बदलून घेण्याची जबाबदारी आपली, हे तत्त्व त्या काळात मान्य होते. आज ती जबाबदारी उमेदवाराच्या बापाने काढलेल्या कर्जावर ढकलली गेली आहे.

खाजगी कंपनीला हे परवडणार नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने परदेशाकडे पाहावे. जुलै २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजने आपली सगळी, म्हणजे ३१ बोइंग ७४७ विमाने एकदम निवृत्त केली. मंदीत ताफा बदलण्याचे यापेक्षा मोठे उदाहरण नाही. कंपनी आणि वैमानिकांची संघटना यांनी एकत्र बसून तोडगा काढला. सर्वांनीच पगारात कपात घेतली. ती २० टक्क्यांपासून सुरू होऊन दोन वर्षांत ८ टक्क्यांवर यायची होती. सुमारे ३०० वैमानिकांना कमी पगारावर राखीव ठेवले, की काम वाढले तर लगेच बोलावता यावे. २७० जणांच्या नोकऱ्या तरीही गेल्या, तेव्हा तोडगा गोड होता असे नाही. पण संकटाचे ओझे कोणी किती उचलायचे, हे निदान समोरासमोर बसून ठरले.

आपल्याकडे काय झाले? त्याच जुलै महिन्यात इंडिगोने दहा टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. आणि पाचच वर्षांनी, २०२५ च्या डिसेंबरात, वैमानिकांना आठवड्याला ३६ ऐवजी ४८ तास सलग विश्रांती देण्याचा आणि त्यांची रात्रपाळी कमी करण्याचा नियम लागू झाल्यानंतर त्याच कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. विश्रांती द्यायची तर पुरेसे वैमानिक नाहीत! लग्नसराईतले लोक विमानतळाच्या फरशीवर झोपले. जी माणसे कालपर्यंत जादा होती, ती आज कमी कशी पडली? खर्चात काटकसर म्हणून जे आपण ताळेबंदातून खोडतो, ते पुढच्या वर्षी तोटा होऊन परत येते. म्हणून नोकरीची शाश्वती म्हणजे मालकाने केलेला दानधर्म नव्हे. तो एक प्रकारचा विमा आहे आणि त्याचा लाभ प्रवाशालाही होतो. डोक्यावर थकलेला हप्ता घेऊन कॉकपिटमध्ये बसलेला माणूस आपल्यापैकी कोणाला हवा आहे?

तेव्हा उपाय काय? मी विद्यार्थिनी आहे, तज्ज्ञ नाही. तरी तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, विमान भाड्याने घेताना कंपनी मालकाकडे अनामत ठेवते. तशीच सर्व कर्मचाऱ्यांच्या निदान तीन महिन्यांच्या पगाराची अनामत वेगळ्या खात्यात ठेवल्याशिवाय तिला नवे विमान आणण्याची परवानगी मिळू नये. हमालाचा पगारही त्यात यावा. दोन, ताफा बदलण्याचा निर्णय ज्याचा, नव्या जातीच्या विमानाच्या प्रशिक्षणाचा खर्चही त्याचाच असावा. तीन, पूर्वसूचनेचा काळ दोन्ही बाजूंना सारखा असावा आणि सूचना न देता दारे लावली तर त्या काळाचे वेतन देण्यांच्या रांगेत पहिले यावे.

शिकणाऱ्या मित्रांनाही एक सांगणे आहे. उड्डाणशाळेच्या जाहिरातीत पगाराचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. अडीच वर्षे घरी बसलो तर हप्ता कोण भरील, हा आकडा तिथे नसतो. तो आपण घरी कागदावर मांडावा आणि मगच सही करावी. हातात दुसरी एखादी पदवी असू द्यावी. दादा दुकानात हिशेब लिहू शकला तो बारावीला वाणिज्यात गोडी होती म्हणून नव्हे, मी फोनवरून जमा-नावे शिकवले म्हणून! हा विनोद सोडला तर बाकी गोष्ट गंभीर आहे.

दादाला २०२२ च्या अखेरीस बोलावणे आले. पण बोलावताना कंपनीने विमानाच्या जातीच्या नोंदीचा खर्च त्यालाच भरायला लावला. मामांनी निवृत्तीच्या पैशातून तो भरला. आज दादा विमान चालवतो. पगार चांगला आहे, हप्ते फिटत आहेत, घर अजून गहाणच आहे. मागच्या उन्हाळ्यात तो बेळगावला आला होता. जेवताना वडिलांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, "केलसा खायम ऐतेनु?" आता दादाला तेवढे कानडी येते. त्याने घास खाली ठेवला आणि म्हणाला, "आतोबा, विमान आहे तोवर आहे. आणि विमान आमचं नाही."

वडील काही बोलले नाहीत. आईने त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

'कायम' हा शब्द मराठीतही आहे आणि कानडीतही. आपल्या दोन्ही भाषांतल्या आई-बापांनी पोरांसाठी आयुष्यभर हाच एक शब्द मागितला. उद्या आपल्यापैकी कोणी बँकेत कर्जाच्या अर्जावर सही करील, कोणी विमानकंपनीचा ताळेबंद तपासील, कोणी कदाचित कायदाही करील. त्या वेळी विमानाच्या भाड्याच्या ओळीवर बोट ठेवताना, तिच्याच खाली असलेल्या पगाराच्या ओळीवरही एकदा बोट ठेवावे, एवढीच विनंती.